दोन खाचांचा चिमटा

लॉर्ना क्लाइनिगच्या हाताला जी शिस्त होती ती माउंट गॅम्बियर गावात दुसऱ्या कुणाच्या हाताला नव्हती, आणि हे ती न विचारताही सांगत असे. लाकडाच्या गिरणीत तिनं सत्तावीस वर्षं करवतींना धार लावली. नुसतं बोट फिरवून कुठला दात बोथट झालाय ते ती सांगायची. शनिवार उजाडला की हीच बाई पाठीवर हवेच्या दोन टाक्या बांधून जमिनीच्या पोटात शिरायची. नवरा नाही, मूलबाळ नाही, साधी मांजरही नाही. होती ती किटली.

किटली म्हणजे सरकारी पाइनच्या लागवडीतलं तळं. वरून पाहिलं तर चार गाड्या मावतील एवढं, खाली चुनखडीत पाण्यानं भरलेली गुहा, आणि तिचा शेवट अजून कुणी पाहिलेला नाही. जमीन सगळ्यांची, पण फाटकाची किल्ली सही करून आणायची आणि पाचच्या आत परत द्यायची. लॉर्ना आणि डेस हॅनराहन सोळा वर्षं या गुहेचा नकाशा काढत होते. डेस टपाल वाटून निवृत्त झालेला, बडबड्या आणि कमालीचा विसरभोळा. त्याची बायको ग्वेंडा पाण्यात पायाचा अंगठाही बुडवत नसे. ती काठावर घडीच्या खुर्चीत विणत बसायची आणि दोघं वर आल्याशिवाय थर्मासचं झाकण उघडायची नाही.

गुहेत दोरी हाच रस्ता. दोरीला जिथे फाटा फुटतो तिथे प्रत्येकानं बाहेरच्या बाजूच्या दोरीवर आपला कपड्याचा चिमटा लावायचा आणि परतताना काढून न्यायचा. चिमटा आहे म्हणजे माणूस आत आहे, नाही म्हणजे बाहेर पडला. दुसऱ्याच्या चिमट्याला आभाळ कोसळलं तरी हात लावायचा नाही. पाणी गढूळ झालं की डोळ्यांचा उपयोग नसतो, म्हणून चिमटे बोटांनी ओळखायचे. लॉर्नाच्या चिमट्यांना कानशीनं पाडलेल्या दोन खाचा असत, डेसच्या चिमट्यांना रबर गुंडाळलेलं.

त्या शनिवारी डेसचे चिमटे दुसऱ्या जाकिटात राहिले.

"डोकं तरी आणलंयस ना?" लॉर्ना म्हणाली.

"ते ग्वेंडाकडे असतं. दे की तुझा एक."

"परत मिळेल?"

"बाहेर आलो की पहिलं तेच काम."

ग्वेंडा सुयांवरून नजर न काढता म्हणाली, "देऊ नकोस गं. माझी छत्री याच्याकडून अजून परत आलेली नाही."

लॉर्नानं दिला. खरं तर त्याला घरी पिटाळायला हवं होतं. पण एक वाजून गेला होता, आणि आज नवी भेग बघायची दोघांना फार घाई होती.

फाटा नव्वद मीटर आत होता. डावीकडची जुनी दोरी खाली खोल दालनात जाऊन संपायची, उजवीकडची त्यांची नवी. दोघांनी चिमटे शेजारी शेजारी लावले. उजवीकडे वीस मीटरवर ती भेग होती, एका माणसापुरती. डेस आत सरकला. लॉर्ना तोंडाशी थांबली.

पाचव्या मिनिटाला छतावरचा गाळ सुटला. एका श्वासात पाणी चहासारखं झालं, दुसऱ्यात काही दिसेनासं झालं. हातातला दिवाही दिसेना. तिच्या पायाला काहीतरी घासून गेलं. डेस निघाला, असं तिला वाटलं. अशा वेळचा नियम ठरलेला होता: एकमेकांना शोधायचं नाही, दोरी धरून फाटा गाठायचा, चिमटे बघायचे, बाहेर पडायचं.

ती फाट्यावर आली. हाताला खाचा लागल्या, तिनं चिमटा काढला. पुन्हा खाचा लागल्या; मागच्या खेपेचा आपलाच राहिला असेल, म्हणून तोही काढला. मग डेसचा रबरवाला चिमटा चाचपला. नव्हता. गेला वाटतं पुढे, म्हणून ती निश्चिंत मनानं बाहेर निघाली.

वर लख्ख ऊन होतं. ग्वेंडानं मान वर केली.

"एकटीच? आमच्या ध्यानाला कुठे सोडलंस?"

"अजून वर आला नाही?"

"आला असता तर एव्हाना बिस्किटं संपली असती."

लॉर्नानं मांडीवरचा खिसा उघडला. आत दोन चिमटे होते, दोन्ही खाचांचे. दुसरा डेसला दिलेला. डेस आत होता. तो आंधळ्या पाण्यात फाट्यावर येणार, आपला चिमटा शोधणार, आणि तो नाही म्हटल्यावर हा आपला फाटाच नव्हे, असं समजून भलत्याच दोरीनं जाणार.

"काय झालं गं? बोल ना!" ग्वेंडा उभी राहिली. लोकरीचा गुंडा पाण्यात घरंगळला.

"मदत बोलाव," लॉर्ना म्हणाली आणि तोंडात नळी कोंबली.

टाक्यांतल्या हवेच्या दाबाचा काटा सकाळी दोनशेवर होता, आता सत्तरवर. एवढ्या हवेत पुन्हा आत जायचं नाही, हे ती नव्या पोरांना ओरडून शिकवायची. फाट्यापर्यंत जायला पंधरा, यायला पंधरा. पस्तीसला माघारी फिरायचं, असं तिनं स्वतःला बजावलं.

फाट्यावर ती पोचली तेव्हा काचेला टेकवलेला काटा कसाबसा दिसला: पंचावन्न. सगळ्यात आधी तिनं एक चिमटा पूर्वीच्याच जागी परत लावला. मग उजव्या दोरीवर दोन बोटं ठेवून थांबली. दोरी मेल्यासारखी पडली होती. पन्नास. भीतीनं तिचा श्वास वाढला होता, आणि श्वास वाढला म्हणून भीती आणखी वाढत होती. तिनं हात डाव्या दोरीवर नेला.

डावी दोरी थरथरत होती.

गाढवा, तो खालचा रस्ता आहे! ती मनात किंचाळली. दोरी मुठीत धरून ती खाली निघाली. पंचेचाळीस. चाळीस. काटा पस्तीसवर आला. ती फिरली नाही. आणखी चार हात गेल्यावर तिच्या कपाळावर एक लाथ बसली, आणि इतकी गोड लाथ तिनं जन्मात खाल्ली नव्हती. तिनं तो घोटा दोन्ही हातांनी पकडला.

परतताना तिनं त्याचा दंड सोडला नाही. फाट्यावर त्याचा हात धरून तिनं तो चिमट्यावर ठेवला. डेसनं दोन खाचा चाचपल्या आणि चिमटा काढून घेतला. वर आले तेव्हा त्याच्या टाक्यांत बारा उरले होते, तिच्या टाक्यांत नऊ.

ग्वेंडा कपड्यांनिशी कमरेपर्यंत पाण्यात उतरली होती. तिनं डेसला दोन थपडा मारल्या आणि मग लॉर्नाच्या गळ्यात पडून रडू लागली. "तू नसतीस तर गं! तू होतीस म्हणून!"

लॉर्नाला ते सोसवेना. गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं?

"त्याचा चिमटा मीच काढला होता, ग्वेंडा. माझा समजून."

ग्वेंडाचे हात सुटले.

त्यानंतर दहा महिने ती लॉर्नाशी बोलली नाही. दुकानात समोर आली तर दुसऱ्या बाजूनं जायची. डेस यायचा शनिवारी. "उसना मागितला मीच," म्हणायचा. पण घडीची खुर्ची येत नसे, आणि आपल्या हाताच्या शिस्तीबद्दल लॉर्ना आता अवाक्षर काढत नसे.

अकराव्या महिन्यात एका शनिवारी गाडीतून आधी खुर्ची उतरली, मग ग्वेंडा. तिनं डेसच्या कमरपट्ट्याला एक पिशवी बांधली. आत बारा चिमटे होते, प्रत्येकाला लाल लोकर घट्ट गुंडाळलेली. मग ती लॉर्नासमोर आली. तळवा पुढे करून म्हणाली, "तुझे दाखव."

लॉर्नानं खिसा उघडला. ग्वेंडानं एकेका चिमट्याच्या खाचांवरून अंगठा फिरवला.

"सहा आहेत," ती म्हणाली. "वर आलीस की मी पुन्हा मोजणार. तोवर चहा नाही."