नलूताईंचा राजीनामा

आमच्या ऑफिसातले किस्से सांगायला बसले की नवरा म्हणतो, "तुम्ही तिथं काम कधी करता?" खरं सांगायचं तर काम करतो म्हणूनच किस्से होतात. नुसतं बसून राहिलं असतं तर काय घडणार होतं? आणि ऑफिसात जेव्हापासून एआय आलं, तेव्हापासून तर एक किस्सा सांगून संपायच्या आत दुसरा तयार असतो. चहाची सुट्टी पुरत नाही.

ऑफिस जयपूरजवळ सांगानेरला. पुढे छापखाना, म्हणजे कापडावर लाकडी ठशांनी हाताने छपाई चालते तो, आणि मागच्या बाजूला आम्ही. चादरी, रजया परदेशी जातात. मी साताऱ्याची, नवरा फौजेत, त्याच्या बदलीबरोबर जयपूरला आले आणि इथे चिकटले. माझ्या समोरच्या टेबलावर नलूताई. मूळच्या मिरजेच्या, पण लग्नापासून इथे जयपुरात, वैशाली नगरात. परदेशी ग्राहकांना मेल लिहायचं काम त्यांचं. केस काळे होते तेव्हापासून त्या ते करतायत, आणि त्यांच्या मेलमध्ये कधी स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला नव्हता. पॅकिंग बघतात ते महिपालजी, इथलेच. आणि मालक खंडेलवाल सर. एवढीच मंडळी लक्षात ठेवा.

* * *

सुरुवात नोटिशीपासून झाली. सरांनी हिंदीत नोटीस लावली: "कल से हर काम में एआई की मदद लें।"

नलूताईंनी चष्मा लावला, वाचलं, परत वाचलं आणि थेट सरांच्या केबिनमध्ये गेल्या. "सर, मेरी आई तो मिरज में है. अठ्ठ्याऐंशी साल की. उसको किधर तकलीफ देने का?"

सरांना काही कळेना. मी आत जाऊन समजावलं, की नोटिशीत आपली आई नाही, ते कॉम्प्युटरचं एआय आहे. नलूताई म्हणाल्या, "मग तसं लिहावं की माणसानं."

त्या दिवसापासून आमच्या दोघींत त्याचं नाव 'आई' पडलं. "आईला विचारलंस का?" "आई आज हँग झालीय." महिपालजींना बरेच दिवस वाटत होतं, की आम्ही फार आज्ञाधारक मुली आहोत.

* * *

मग ट्रेनिंग झालं. गोपालपुऱ्यातल्या कोचिंग क्लासमध्ये शिकवणारे एक सर आले. त्यांना प्रवेश परीक्षेच्या मुलांची सवय. एका दुपारी त्यांनी मेलचं टूल, फोटोचं टूल, तक्त्यांचं टूल, मीटिंगचं टूल, आणि ही सगळी टूल्स वापरायचं आणखी एक टूल, असं सगळं उरकलं. दर दोन मिनिटांनी म्हणायचे, "बहुत सिंपल है।" ते सिंपल म्हणाले की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो.

शेवटी म्हणाले, "सारा खेल प्रॉम्प्ट का है. प्रॉम्प्ट अच्छा, तो काम अच्छा."

हा शब्द ऐकून नलूताई पहिल्यांदा ताठ बसल्या. कॉलेजच्या गॅदरिंगला नाटकात त्या विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करायच्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "अगं, पण तिथं नट विसरला की आपण वाक्य सांगायचं. इथं ज्याला सगळं येतंय त्यालाच आपण सांगायचं? आणि आपल्याला तर नाटक कुठलं तेच माहीत नाही!"

ट्रेनर सर म्हणाले, "एनी डाउट्स?" कुणी हात वर केला नाही. सगळंच डाउट असल्यावर हात किती वेळ वर धरायचा?

* * *

सगळ्यात आधी जमलं ते महिपालजींना. त्यांची पद्धत अशी, की समोर कुणीही असो, आधी विचारपूस आणि मग काम. त्यामुळे त्यांचं आईशी बोलणं सुरू व्हायचं ते असं: "राम राम सा. घर में सब राजी-खुशी?"

मी म्हटलं, "महिपालजी, इतनी ज़रूरत नहीं. सीधा काम बोलिए."

ते दुखावले. "अश्विनीजी, काम पड़ा तो बोले, नहीं तो पूछा भी नहीं? ऐसे कोई करता है?"

आईनेही त्यांना नम्रपणे उत्तर दिलं, की मला घर नाही, पण विचारल्याबद्दल धन्यवाद. महिपालजी दिवसभर हळहळत होते. "बेघर है बेचारा. फिर भी किसी काम को ना नहीं कहता."

मग त्यांनी त्याच ओघात, कुठल्या रजया कुठल्या खोक्यात आणि कुठलं खोकं आधी गाडीत, ते सगळं बोलून सांगितलं. खोक्यांवर लावायच्या चिठ्ठ्या चहा गार व्हायच्या आत तयार. महिपालजींनी स्क्रीनला हात जोडले आणि चहा प्यायले. नलूताईंनी मात्र ते बघून मान खाली घातली.

* * *

नलूताईंची अडचण वेगळीच होती. "आई म्हटल्यावर मी मराठीतच बोलणार," हा त्यांचा हट्ट. पण ऑफिसच्या सगळ्या मशीनवर भाषा हिंदी. आई मराठी ऐकायची आणि हिंदी समजायची.

एकदा तिने तिसऱ्यांदा चुकीचं उत्तर दिलं तेव्हा नलूताई माइकवर खेकसल्या, "माझी चेष्टा करतेस काय?"

स्क्रीनवर आलं: "जी, मैं पूरी चेष्टा करूँगी।"

नलूताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला हसू आवरेना. कसंबसं सांगितलं, की ताई, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, ती बिचारी प्रयत्न करते म्हणतेय. त्या म्हणाल्या, "ते मलाही माहीत आहे गं. पण बोलली कशी बघ, तोंडावर!"

मी हसले खरी, पण मला हसायचा हक्क नाही. इथे नवीन असताना एकदा महिपालजी पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "छोटे भाई से राजीनामा हो गया." मी चेहरा पाडून म्हटलं, "अरेरे, नौकरी छोड़ दी उसने? अब क्या करेगा?" महिपालजी माझ्याकडे बघतच राहिले. भावाभावांचं शेताच्या बांधावरून भांडण होतं, ते गोडीने मिटलं होतं. इथे त्याला राजीनामा म्हणतात. नोकरी सोडायची तर इस्तीफा. मी पेढा हातात धरून उभी, आणि मागून नलूताई म्हणाल्या, "खा आता. वाया जाईल."

* * *

आणि मग बुटांचं प्रकरण झालं.

कापडावर छापलेल्या एकेका फुलाला इथे बूटा म्हणतात, लहान असेल तर बूटी. मेलबर्नच्या एका बाईंची चादरींची मोठी ऑर्डर होती. सर सारखे विचारत होते, एआय वापरता ना, वापरता ना? म्हणून नलूताईंनी घाईत आईला तपशील सांगितला, मेल तयार झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा न वाचता पाठवला.

मेलबर्नच्या बाईंचं उत्तर आलं. फार सभ्य बाई. त्यांनी लिहिलं होतं, की चादरीवर मधोमध लाल बूट आणि कडेने लहान मुलांचे बूट, ही कल्पना नवीन वाटली, पण आमच्याकडे पलंगावर पादत्राणं ठेवत नाहीत.

आख्खं ऑफिस हसलं. सरही हसले आणि म्हणाले, "कोई बात नहीं, नलिनीजी." ते रागावले असते तर बरं झालं असतं. नलूताई एकट्याच हसल्या नाहीत. त्यांनी मेलबर्नला स्वतःच्या हाताने माफीचा मेल लिहिला, बूटा म्हणजे काय ते समजावलं, आणि ऑर्डर काही गेली नाही. पण त्यांच्यातलं काहीतरी गेलं.

* * *

त्या आठवड्यात बसमध्ये त्या माझ्याशेजारी बसल्या होत्या. माझ्या फोनवर एक रील लागलं. कुणीतरी तावातावाने सांगत होता, की ही टूल्स आजच शिकला नाहीत तर उद्या तुमची खुर्ची गेली. मी पटकन बंद केलं. मला वाटलं, त्यांनी ऐकलं नसावं.

त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला कामाची भीती कधी वाटली नव्हती गं. घरी सासूची वाटायची, ऑफिसात आलं की मोकळं वाटायचं. आता ऑफिसची पायरी चढताना पाय जड होतो. कोण काय विचारेल आणि मला येणार नाही, हेच डोक्यात. मला माझं काम आवडतं, अश्विनी. ते मला यायचं बंद झालंय."

मला त्यांचं फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "ताई, सगळं कशाला शिकायचं? एकच शिकू. मेलचं. बाकीचं बघू नंतर."

"बुटांच्या आधी म्हणायचंस," त्या म्हणाल्या. त्यांचं ठरलं होतं. सोमवारी राजीनामा देणार.

* * *

सोमवारी दुपारी त्यांनी माइक ओढला. "शेवटचं काम आहे, हिच्याकडूनच करून घेते," म्हणाल्या. "सरांना धड कळेल अशा हिंदीत मला कुठलं लिहिता येतंय?"

मी समोरच होते. शपथेवर सांगते, असं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. घाई नाही, भीती नाही. विंगेत उभं राहून नटाला सांगावं तसं, कोण बोलतंय, कुणाशी, आधी काय घडलं, सगळं क्रमाने.

"हे बघ आई. मी नलिनी. या कंपनीत मेल लिहिते, खूप वर्षं झाली. एकही मेल मी न वाचता पाठवला नाही. एकदाच पाठवला आणि बूट्यांचे बूट झाले. मला शिकायचं होतं, पण एका दुपारी सगळी टूल्स शिकवली. एका वेळी एक शिकवलं असतं तर मी शिकले असते. घाई फार झाली. पण सरांवर माझा राग नाही, कुणाशी भांडण नाही. जे आहे ते मला गोडीनं मिटवायचंय. सरांसाठी हिंदीत राजीनामा लिहून दे."

कागद प्रिंटरमधून बाहेर आला. वर ठळक अक्षरांत तो शब्द. नलूताईंनी तेवढाच वाचला आणि त्यांचे डोळे भरून आले. पुढचं वाचवेना. तसाच सही करून सरांच्या टेबलावर ठेवून आल्या आणि आवराआवर करायला लागल्या. डबा, शाल, खुर्चीवरची उशी. मी नुसती बघत बसले.

थोड्या वेळाने सरांनी आम्हाला आत बोलावलं. महिपालजी आधीच तिथे उभे होते. नलूताई उशी छातीशी धरून दारातच थांबल्या.

"नलिनीजी," सर म्हणाले, "राजीनामा पढ़ा. मन खुश हो गया."

नलूताईंनी उशी आणखी घट्ट धरली.

"मैं तो कब से चाहता था. बस आपसे कहते नहीं बना. मैंने भी साइन कर दिया है."

नलूताई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "बघ. वाटच बघत होते."

"और महिपालजी गवाह हैं," सर म्हणाले.

"बधाई हो सा," महिपालजी म्हणाले. "राजीनामे से बढ़िया दूजी चीज़ कोनी."

आता नलूताई खरंच रडायला लागल्या. सर गडबडले, पाण्याचा ग्लास पुढे केला. मला राहवेना. मी टेबलावरचा कागद उचलला आणि मोठ्याने वाचायला लागले.

"राजीनामा. प्रथम पक्ष, श्रीमती नलिनी. द्वितीय पक्ष, कंपनी. एआई को लेकर दोनों पक्षों में जो मनमुटाव था, वह आज से समाप्त समझा जाए. एक: प्रथम पक्ष एक समय में एक ही टूल सीखेंगी और द्वितीय पक्ष जल्दी नहीं मचाएगा. दो: कोई भी मेल प्रथम पक्ष के पढ़े बिना बाहर नहीं जाएगा. तीन: बूटे को आगे से जूता नहीं समझा जाएगा."

खाली दोन सह्या. महिपालजींची तिसरी. आणि सरांच्या अक्षरात, पेनने लिहिलेली एक जास्तीची ओळ: "चार: प्रथम पक्ष जो सीखेंगी, वह मुझे भी सिखाएँगी. मुझे भी कुछ नहीं आता."

नलूताईंनी कागद माझ्या हातातून घेतला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत स्वतः वाचला. मग पदराने डोळे पुसले, सरांना "ठीक है" म्हणाल्या आणि बाहेर आल्या. उशी खुर्चीवर ठेवली, डबा कप्प्यात ठेवला, बसल्या. माइक जवळ ओढला.

"काय गं आई, हे मुद्दाम केलंस ना तू?"

स्क्रीनवर उत्तर आलं:

"जी, मैंने अपनी ओर से पूरी चेष्टा की।"