संग्रह नसलेला कवी

माझ्या मामांइतका दीर्घकाळ नवोदित राहिलेला कवी मराठीत दुसरा झाला नसेल. नागपूरच्या एका मंडळाचं बक्षीस होतं, ज्यांचा संग्रह अजून निघालेला नाही अशाच कवींसाठी. वयाची अट घालायचं मंडळाला सुचलं नव्हतं आणि मामांनी त्याचा पुरेपूर फायदा उठवला. केस पिकले, मुलींची लग्नं झाली, तरी मामा दरवर्षी कविता पाठवत आणि दरवर्षी नुकतं मिसरूड फुटलेला एखादा पोरगा बक्षीस घेऊन जाई. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या राइस मिलमध्ये धान तोलता तोलता ते हमालांना ओळी ऐकवत आणि हमाल हिंदीत वाहवा करत. कुणी संग्रहाचा विषय काढला की मामा कानांवर हात ठेवत. "काहून घाई करतं? पुस्तक निंगालं का मानूस जुना होते." एका गणेशोत्सवात कुणीतरी त्यांची 'ज्येष्ठ कवी' अशी ओळख करून दिली, तर मामा कविता न वाचताच घरी आले.

मामीला हा सगळा विनय वाटे. बक्षिसाची अट तिला ठाऊकच नव्हती. पुस्तक नाही म्हणूनच आपल्या माणसाला डावलतात, असं तिने मनाशी धरलं. बालाघाटच्या छापखान्यात हिंदीचे खिळे, त्यात 'ळ' नाही. म्हणून तिने गोंदियाच्या भावाकडून गुपचूप संग्रह छापून घेतला आणि पाडव्याला ओवाळून झाल्यावर मामांच्या हातात ठेवला. यंदा तुमचाच नंबर दिसतो, असं एका परीक्षकाने आठवड्यापूर्वीच मामांच्या कानावर घातलं होतं. हे मला माहीत होतं, मामीला नव्हतं.

मामा बराच वेळ पानं उलटत राहिले.

"नाही आवडलं का?" मामीने विचारलं.

"लय बेस झालं," मामा म्हणाले. "सारे ळ बराबर बसले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळाला कळवून आपलं नाव काढून घेतलं आणि मला बजावलं, "तिले सांगू नको." बक्षीस आमच्याच जिल्ह्यातल्या उकव्याच्या खाणीतल्या एका कामगाराच्या मुलीला मिळालं. मामा बसने जाऊन तिला आपलं पुस्तक देऊन आले. परतले ते भलत्याच उत्साहात. "पोरगी चांगली लिवते रे. आपल्या इकडे मराठी राह्यते अजून." त्यानंतर ते इतकं लिहायला लागले, की हमालांना दम खायला वेळ मिळेना.

आता मामा नाहीत. उकव्याच्या त्या मुलीचा संग्रह आला, तो तिने मामांना अर्पण केलाय. मामीने तो मला दाखवला आणि परवा पुन्हा विचारलं, "पुस्तक निंगालं तरी यायले बक्षीस काहून नाही देलं रे?"

"मंडळवाल्यायले समजलं नाही, मामी," मी म्हणालो.