लेकीच्या घरचं पाणी

आमच्या व्याह्यांसारखा जगाला जेवू घालणारा माणूस दिल्लीत दुसरा नाही, आणि पानावर बसवायला इतका अवघड माणूसही दुसरा नाही. पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, छावणीजवळ घर घेतलं आणि बायको गेल्यावर तिथंच एकटे राहिले. हात मात्र पंगतीचा. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात गावाकडचं, साताऱ्याचं कोणी उतरलं, की हे स्कूटरवर जाऊन त्याला उचलून आणणार. एकदा असाच एकाला आणला, पोटभर मटण वाढलं. हात धुताना तो म्हणाला, "सुभेदारसाहेब, मी साताऱ्याचा नव्हे, नागपूरचा. तुम्ही न्यायला आलात तो दुसरा कोणी असेल." व्याही म्हणाले, "अच्छा? मग सुपारी खा आणि बसा जरा, मी त्यालाही घेऊन येतो."

मुलीच्या घरी मात्र तोंड शिवलेलं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्याकडे जेवू नये, ही आपल्याकडची जुनी रीत. ती तर व्याही पाळायचेच. त्यात शेजारी हरियाणाचे चौधरी राहायला आले. त्यांच्यात लेकीच्या घरचं पाणीसुद्धा चालत नाही असं कळल्यावर यांनी तेही उचललं. वैशाली, म्हणजे त्यांची मुलगी आणि माझी सून, तेव्हा गुरुग्रामला चौदाव्या मजल्यावर राहायची. हे पाण्याची बाटली काखेत मारून जायचे.

"बाबा, हा पाण्याचा नियम आपला नाहीच," ती म्हणायची.

"दिल्लीत राहतो तर दिल्लीचंही थोडं पाळावं," हे म्हणायचे.

पुढं तिला जर्मनीत नोकरी लागली. माझा मुलगा इथली नोकरी सोडून तिच्या मागोमाग गेला. मला ते पटलं नव्हतं आणि अजूनही पटलेलं नाही. तीन वर्षांनी तिनं आम्हा तिघांना बोलावलं. मी, माझी बायको आणि व्याही. परदेश तिघांनाही पहिलाच. व्याह्यांनी तिकीट स्वतःच्या पेन्शनीतून काढलं आणि सामानात तांदूळ, डाळ, सातूचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि एक पितळी पातेलं भरलं. विमानतळावर वजन जास्त भरलं, तेव्हा यांनी कपड्यांचं गाठोडं उचललं आणि बाहेर थांबलेल्या चौधरींच्या हवाली करून आले. पीठ ठेवलं.

"अहो, तिकडं बर्फ पडतं," माझी बायको म्हणाली.

"विहीणबाई, पोटात सातू असला की थंडी वाजत नाही."

पुढं सगळे दिवस माझे स्वेटर घालून फिरले. ते वेगळं.

पहिल्याच संध्याकाळी वैशालीनं टेबल मांडलं. आमटी, भरलं वांगं, मऊ भात, लिंबाचं लोणचं. कढीलिंब आणायला ती दुसऱ्या गावाला जाऊन आली होती म्हणे. बापासाठी खुर्ची ओढली. व्याह्यांनी शांतपणे आपला डबा उघडला.

"बाबा, आज तरी."

"बेटा, तुझं मूल मांडीवर आलं, की पहिला घास तुझ्याच घरी."

"मूल होईल तेव्हा होईल, कदाचित होणारही नाही. तुम्ही मला भेटायला आलात ना?"

मग मीच पुढं झालो. म्हणालो, "व्याही, हे माझ्या मुलाचं घर. मुलाचं ते माझं. तुम्ही माझ्या घरी जेवताय, झालं."

व्याह्यांनी विचारलं, "भाडं कोण भरतं?"

माझा मुलगा आत पोळ्या लाटत होता. तिथूनच म्हणाला, "वैशाली." मी दोन दिवस व्याह्यांशी बोललो नाही, आणि मुलाशी त्याहून जास्त. वैशालीनं बापाचं वाढलेलं ताट उचललं आणि माझ्यापुढं ठेवलं. त्या दिवशी मी दोन ताटं जेवलो. पुढंही ती रोज एक ताट जास्त वाढायची आणि रोज ते मीच संपवायचो. टाकून कसं देणार?

व्याही सकाळी तिच्या आधी उठून आपल्या पातेल्यात खिचडी लावायचे, दुकानातून बाटलीचं पाणी आणायचे. ती ऑफिसला निघाली की खिडकीत उभे राहायचे, ट्राम वळून गेली तरी तिथंच. निघताना विमानतळावर तिला म्हणाले, "पोटभर जेवत जा गं."

ती म्हणाली, "हे तुम्ही सांगताय?" आणि त्यांच्या गळ्यात पडली.

आता दिल्लीत रविवारी आम्ही दोघं पार्कात बसतो. परत येऊन महिना झाला असेल, तेव्हा व्याही इकडं तिकडं बघत म्हणाले, "व्याही, त्या दिवशीचं वांगं कसं होतं हो?" मी फटकन म्हणालो, "खायचं होतंत." त्यांनी नुसती मान हलवली, तेव्हा मलाच कसंतरी झालं. मग सांगितलं. शब्द मला फारसे येत नाहीत, पण तिखट किती, तेल किती, देठ कसा शिजला होता, सगळं सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी एकेक पदार्थ असतो. खाल्लेले संपले, की न खाल्लेलेही सांगेन म्हणतो.

परवा आमटीची पाळी होती. "गूळ जरा जास्त घालते का?" त्यांनी विचारलं.

"जास्तच. मला तर गोड लागली."

"तिच्या आईचा हात आहे तो," व्याही म्हणाले. बाकावर माझ्याकडं सरकून बसले. मग हळूच म्हणाले, "परत सांगा. अगदी पहिल्या घासापासून."