एकच तक्रार

सकवारबाईची जीभ चालायची तेव्हा हेब्बाळच्या त्या गल्लीत तिच्यापुढे कुणाचा टिकाव लागत नसे. भाजीवाल्याशी कन्नड, देवाशी मराठी, आणि भांडण येईल त्या भाषेत. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला नि वाचाच गेली. डावा हात तेवढा शाबूत राहिला.

धाकटा गिरीराज मारतहळ्ळीच्या एका कंपनीत मोबाईलची ॲप बनवायचा, राहायचा त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला. त्यानं आईसाठी एक ॲप केलं. चहा, औषध, दुखतंय, ये, शिवाय घरच्यांचे फोटो. चित्र दाबून धरायचं, ओढत वरच्या पट्टीवर सोडायचं, की फोन कौशल्याअक्काच्या आवाजात बोलायचा. अक्का ही थोरली बहीण. आई तिच्याकडेच असे. म्हातारी आठवड्यात पटाईत झाली. चहा फिका झाला की साखरेचं चित्र तीन-तीनदा वर ओढायची.

दिवाळीनंतर फोनची सिस्टिम आपोआप अपडेट झाली. आता चित्र उचललं जायचं, पण मध्येच सुटून जागेवर परत जायचं. अक्कानं फोन केला, "गिरी, आईचं चित्र वर बसंना झालंय. स्वल्प बघ की रे."

"सरी अक्का, बघतो."

त्यानं नोंदही केली. बिघाड लिहायचा, पुढे किती लोकांना त्रास होतोय तो आकडा टाकायचा, मोठ्या आकड्याचं काम आधी, ही त्याच्या ऑफिसची रीत. घरच्या कामांनाही त्यानं तीच लावलेली. हाताच्या सवयीनं त्यानं लिहिलं, एक. नोंद तळाला गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पुढचे तीन आठवडे, शनिवार-रविवार धरून, हा पठ्ठ्या कंपनीच्या किराण्याच्या ॲपमधला नेमका तोच बिघाड शोधत बसला. तिथं हजारो लोकांना यादीतलं सामान वरखाली करता येत नव्हतं.

गुरुवारी दुरुस्ती सापडली. चार ओळींची. रविवारी आईकडे जाऊन तिच्याही फोनमध्ये घालू, असं त्यानं ठरवलं. शुक्रवारी तिला दुसरा झटका आला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डावा हातही गेला होता.

तरी त्यानं ॲप दुरुस्त केलं. करताना आईच्या फोननं आपोआप ठेवलेली जुनी नोंद उघडली. कुठलं चित्र उचललं, कुठं सुटलं, सगळं त्यात असतं. अक्का चहा-औषध वेळेवर द्यायची, त्यांची चित्रं आईनं फारशी उचललीच नव्हती. अपडेटनंतर रोज दुपारभर दोनच चित्रं. गिरी. ये. गिरी. ये. अक्काला वाटायचं, म्हातारी फोनशी चाळा करतेय.

गिरीराजला रडू आवरेना. आईचं लुळं बोट हातात धरून त्यानं ते स्वतःच्या फोटोवर टेकवलं, ओढत वर नेलं. फोटो बसला. मग दुसरं चित्र.

"गिरी, ये," फोन बोलला.

"आलो गं आई," तो म्हणाला. सर्जापूर रोडवरून हेब्बाळला यायला, ट्रॅफिक धरूनही, दीडच तास लागतो.