बापाची साक्ष

आपल्याला देवानं कसं तारलं, हे रविवारच्या उपासनेत उभं राहून सांगायचं, त्याला आम्ही साक्ष म्हणतो. माझ्या बापाची साक्ष अमरावतीच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत सगळ्यांना तोंडपाठ होती. तो लहान असताना त्याच्या बहिणीला देवी आल्या. घरच्यांनी दाराला कडुनिंब बांधला, फोडणी बंद केली, परक्याला आत येऊ दिलं नाही, औषध नाकारलं. पोर गेली. ‘त्या अंधारातून प्रभूनं मला बाहेर काढलं,’ असं म्हणून बाप खाली बसायचा आणि मग दिवसभर त्याची मान ताठ असायची. शेजारच्या माळ्यांच्या दारावर कडुनिंब दिसला की तो हसायचा. ते हसणं मला कधीच आवडलं नाही.

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा, त्या काळातल्या एका उन्हाळ्यात आमच्याकडे एक फिरता उपदेशक आला. गोड गळा, पांढराशुभ्र अंगरखा. आमच्या म्हाताऱ्या पाळकांना त्यानं आल्या आल्या ‘कोमट’ विश्वासाचे ठरवलं आणि बापाला म्हणाला, “भाऊ, या मंडळीत खरा विश्वास एकट्या तुमच्यापाशी आहे.” झालं. बाप हरभऱ्याच्या झाडावर चढला. त्यानं पाळकांकडे जाणं सोडलं, आणि जेवणाआधीची प्रार्थना इतकी लांबवायला लागला की ताटातल्या भाकरी वाळून जायच्या. उपदेशक आमच्याच घरी राहायला आला.

त्यातच मायला ताप भरला. मी दवाखान्यातून औषध आणलं. उपदेशकानं बाटली हातात घेऊन नुसतं विचारलं, “भाऊ, देव पुरेसा नाही का?” बापानं ती बाटली परसातल्या मोगऱ्याच्या वाफ्यात ओतली. मग घरात उपास सुरू झाला, चूल थंड पडली, दार बंद झालं. ज्याचा विश्वास नाही त्याची सावलीही नको, असं उपदेशकाचं सांगणं होतं.

शेजारची माळीणकाकू मायसाठी पेज घेऊन आली. बापानं तिला उंबऱ्यातच अडवलं. तिनं आत डोकावून पाहिलं आणि मला म्हणाली, “काहून वं बाई, तुमच्यातई देवीचं पाळतेत का? औषध नाई, फोडणी नाई, मानसाले आत येऊ देत नाई. आमच्यासारखंच करून राहिले तुमी. कडुनिंब तेवढा बांधाचा राह्यला.”

बापाचा चेहरा पडला. मी तेवढ्यात म्हणाले, “बाबा, दमणी जुंपा. मायले दवाखान्यात नेऊ.” तो खरंच गोठ्याकडे दोन पावलं गेला. आतून उपदेशकाचा आवाज आला, “भाऊ, सैतान शेजारणीच्या तोंडानंही बोलतो.” बाप परत फिरला आणि त्यानं काकूच्या तोंडावर दार लावलं.

“मले दवाखान्यात ने वं माय,” माझी माय मला म्हणाली. “मले मराचं नाई.” मी तिला उठवायला गेले, तर बापानं दंड धरून मला बाहेर काढलं. मी पाळकांना बोलावून आणलं. त्यांनी पुष्कळ दार ठोठावलं, पण ते उघडलं नाही.

माय गेली. तिला कबरस्तानात ठेवून परतताना उपदेशक म्हणाला, “या घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला,” आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाला मी अजून क्षमा केलेली नाही, आणि करावी असं मला वाटतही नाही.

पुढच्या रविवारी बाप साक्षीला उभा राहिला. शब्द तेच, नेहमीचे. कडुनिंब बांधला. फोडणी बंद केली. परक्याला आत येऊ दिलं नाही. औषध नाकारलं. तिथं तो थांबला. तो दुःखानं थांबला असेल असं समजून उपदेशक मोठ्यानं “हालेलुया” म्हणाला, आणि त्याच्यामागं सगळी मंडळी म्हणाली. बाप बायकांच्या बाजूला बघत होता. सतरंजीवर माझ्या शेजारची मायची जागा रिकामी होती.

“चाल पोरी,” तो भर उपासनेत मला म्हणाला. “दमणी जुंपतो. तुह्या मायले दवाखान्यात नेऊ.”