विहीणबाई आणि आठ किलो

चौपन्नाव्या वर्षीची मी आज दारात येऊन उभी राहिली, तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही. विचारला, तर ती मान वेळावून "बिनसाखरेचा" म्हणेल आणि त्याबरोबर बेकरीतली चार खारी बिस्किटं सहज संपवेल.

त्या वर्षी माझ्या बेंबीशी हर्निया निघाला. खोकलं की लिंबाएवढा फुगवटा वर यायचा. मुलीला नुकताच तिसरा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बेंगळुरूला आमच्या इंदिरानगरच्या घरी व्हायचं होतं. पाटावर पाय पसरून बसायचं, बाळाला पायांवर घ्यायचं, तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, हे काम आमच्याकडे बाळंतिणीच्या आईचं. माझ्या आईनं माझ्या मुलीला असंच न्हाऊ घातलं होतं. मला ते करायचंच होतं. दुसऱ्या कशाची एवढी हौस नव्हती.

सर्जनबाई मोजकं बोलणाऱ्या. "आठ किलो उतरवा, मग टाके घालते. या पोटावर आज घातले तर वर्षभरात उसवतील. चार महिन्यांत उतरवलंत, तर बाळ येईपर्यंत तुम्ही बऱ्या व्हाल. नाहीतर वाकायचं नाही, उचलायचं नाही."

"होईल हो डॉक्टर," बाई म्हणाल्या. बाई म्हणजे मी.

"होईल नाही अम्मा, करावं लागेल. रोज काय खाणार, किती चालणार, ते आजच ठरवा."

बाईंनी काय ठरवलं, तर बूट घ्यायचे. गुलाबी पट्ट्यांचे. ते घालून सकाळी शेजारच्या अक्कांबरोबर बागेत दोन फेऱ्या. दुसरी फेरी मागच्या फाटकाशी संपायची, कारण फाटकासमोर दर्शिनी, म्हणजे उभ्यानं खायचं हॉटेल होतं. तिथे उंच टेबलापाशी उभं राहून इडली-वडा सांबारात बुडवून खायचा. बसून खाल्लं तर तो नाश्ता, उभ्यानं खाल्लं तर तो चालण्याचाच भाग, असं या विदुषीचं शास्त्र. कुणीतरी सांगितलं, नाचणीनं वजन उतरतं. मग जेवणात रागीमुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे आले. भात गेला नाही, मुद्दे भाताच्या शेजारी येऊन बसले. थायरॉइडची तपासणी केली, ती अगदी व्यवस्थित निघाली, तेव्हा बाईंचं तोंड पडलं. दोष ढकलायला एक चांगली जागा हातची गेली. मग बेंगळुरूच्या हवेवर खापर फोडलं. थंड हवेत भूकच फार लागते म्हणे. याच हवेत किती काटकुळी माणसं राहतात, ते तिला दिसत नव्हतं.

आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, "सुरुवात कधीपासून?"

"सोमवारपासून."

"कुठल्या?"

मी त्यांना आणखी एक पोळी वाढायला गेले, त्यांनी नको म्हटलं, तर ती मीच खाल्ली.

चार महिन्यांनी काट्यावर आठशे ग्रॅम जास्त भरले. सर्जनबाईंनी मला उतरवून पुन्हा उभं केलं. काटा ठीक होता. "बाळाला न्हाऊ घालायला दुसरं कुणीतरी बघा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दुसरं कुणीतरी म्हणजे लेकीची सासू. बेळगावहून सुनेच्या माहेरी येऊन तिनं बाळाला न्हाऊ घालायचं, म्हणजे माझ्या घरात माझ्याच पाटावर बसायचं. विहीणबाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या आणि काटकुळ्या. आल्या आल्या त्यांनी पदर खोचला आणि तेल कोमट करायला ठेवलं.

"ताई, बसवतंय काय तुम्हाला खाली? नाही नव्हं. मग असू दे, टॉवेल धरा."

चाळीस दिवस मी टॉवेल धरला. नात त्यांच्या पायांवर पालथी पडून हुंकार द्यायची आणि मी दारातल्या खुंटीसारखी उभी. शेजारच्या अक्का बाळ बघायला आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यात सासूच येऊन न्हाऊ घालते काय?"

"हो, आमच्यात स्वल्प वेगळं असतं," मी म्हटलं. विहीणबाईंनी मान खाली घालून हसू दाबलं.

एके दुपारी त्या स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा मी पातेल्यातच भात-आमटी कालवून उभ्या उभ्या संपवत होते.

"जेवला नाहीत काय अजून?"

"जेवले की मघाशी. हे आपलं उरलेलं. वाया कशाला घालवायचं?"

"मग उरंल एवढं रांधता कशाला?"

एवढं बोलून त्या बाळाकडे गेल्या. मी पातेलं हातात घेऊन उभी. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो आणि मी चौघांच्या मापानं रांधत होते. म्हणजे वर्षानुवर्षं दोन माणसांचं जेवण मी उभ्यानं जेवत होते आणि त्याला काटकसर म्हणत होते. एवढा मूर्खपणा आणि त्यावर एवढा अभिमान, कुठून आणला असेल त्या गुलाबी बुटांच्या बाईनं?

मग मात्र बेत आखला. रविवारी आठवड्याचा स्वयंपाक कागदावर लिहायचा. दोघांत एक वाटी तांदूळ, वर एक दाणा नाही. स्वयंपाक झाला की आधी माझं ताट वाढायचं, उरलेलं ह्यांनी डब्यात भरायचं, मी पातेल्याला हात लावायचा नाही. चालायला एकटीनं जायचं, पन्नास मिनिटं, मागच्या फाटकाकडे न वळता. अक्का महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. यात मजा म्हणून काही नव्हती. पहिल्या महिन्यात दीड किलो उतरलं, दुसऱ्यात अर्धा, तिसऱ्यात काहीच नाही. काहीच उतरलं नाही त्या महिन्यातही तेच ताट आणि तीच पन्नास मिनिटं, हे सगळ्यांत अवघड गेलं.

आठ किलो उतरायला नऊ महिने लागले. मग टाके, मग तीन महिने काही उचलायचं नाही. परवानगी मिळाली त्याच दिवशी मी सर्जापूर रोडला लेकीच्या घरी गेले. नात हॉलभर चालत होती. मी वाकले, आणि तिला उचललं. तिनं माझ्या पोटाला पाय लावून अंग मागे टाकलं.

"खाली," ती म्हणाली.

मी तिला खाली ठेवलं. ती दुडदुडत खिडकीकडे गेली.

"आई, आता कशाला उचलतेस?" लेक म्हणाली. "ती चालते की."