गोठ्यातला सर्व्हर

आमच्या घरातली सगळ्यात हवेशीर जागा बैलाची होती. माणसांच्या खोल्यांमधले पंखे नुसते गरगरायचे, वारा लागायचा नाही. गोठ्यात मात्र आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भिंतीवरचा मोठा पंखा बसवून घेतला होता. खाली रबराची चटई, खिडकीला डासांची जाळी, आणि लाईट गेली तरी पंखा थांबू नये म्हणून इन्व्हर्टर. पवनानगरच्या पुढं धरण उशाला असून लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. आम्ही मेणबत्तीवर जेवायचो तेव्हा बैल वारा खात उभा असायचा. शर्यतीचा बैल होता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

तो गेला तेव्हा आबांनी त्याचं दावं माळ्यावर टाकलं आणि आता पुन्हा हातात कासरा धरणार नाही, असं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. त्यानंतर बैलाचं म्हणून त्यांच्याकडे एकच गोष्ट उरली. मी फोनवर काढलेला व्हिडिओ. यात्रेत घाटातून, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवरून, गाडा सुटतो, घड्याळ लावून त्याची धाव मोजतात, तिला बारी म्हणतात. आमच्या बैलाने आयुष्यात एकदाच पहिल्या नंबराची बारी मारली, ती त्या व्हिडिओत होती. सगळा मिळून अर्ध्या मिनिटाचा ऐवज. शेवटी झेंडा पडतो, भंडारा उडतो आणि माझा हात हलल्यामुळे नुसतं आभाळ दिसतं.

रोज संध्याकाळी आबा तो बघायचे. शेजारचे भाऊही यायचे. त्या यात्रेत भाऊंचा गाडा दुसरा आला होता आणि झेंडेवाल्याने झेंडा उशिरा पाडला असं त्यांचं म्हणणं होतं. ते सिद्ध करायला ते रोज तोच व्हिडिओ बघत आणि रोज चहा पिऊन हरून घरी जात. दोघांचं त्याच्यावर बरं चाललं होतं.

एक दिवस फोनवर सूचना आली की जागा भरली आहे. आबांनी विचारलं, "कुटली जागा?"

मी समजावून सांगितलं. फोटो, व्हिडिओ आता फोनमध्ये नसतात, कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर असतात. आपण बोट लावलं की ते तिकडून दिसतात.

"तिकडून म्हंजे कुटून?"

"परदेशातून. नक्की कुठून ते त्यांनाच माहीत."

आबांनी फोन उलटा करून मागून पाहिला. मग म्हणाले, "म्हंजे माझा बैल तिकडं हाय?"

"बैल नाही आबा, व्हिडिओ."

"त्येच की. कुणाला इचारून नेला?"

आता काय सांगणार. कधीतरी मीच 'मान्य आहे' वर बोट दाबलं होतं. ते ऐकल्यावर, मी बैलाला परस्पर बाजार दाखवला असावा तशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याला घरी आण," एवढंच बोलून ते उठून गेले.

मी खंडाळ्यातल्या एका हॉटेलात कॉम्प्युटर सांभाळतो. पाहुण्यांचं वायफाय बंद पडलं की सगळे मला शोधतात, चालू असलं की मला कुणी ओळखत नाही. त्यामुळे अशी कामं करता येतात हे मला ऐकून माहीत होतं. जगात काही माणसं चांगलं सॉफ्टवेअर लिहितात आणि कुणीही घ्या, उघडून बघा, बदला, म्हणून मोकळं सोडून देतात. ते घरच्या कॉम्प्युटरवर चढवलं की फोटोंचं, फायलींचं, व्हिडिओंचं आपलं स्वतःचं दुकान. कंपनी नको, परदेश नको. हॉटेलने भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर मी मागून घेतला आणि गोणीत घालून मोटारसायकलवर घरी आणला. पुढचे कितीतरी दिवस मी त्याच्यासमोर डोकं धरून बसलो. मोकळं सोडलेलं सॉफ्टवेअर मोकळ्या सोडलेल्या गुरासारखंच असतं, पहिल्या हाकेला येत नाही. पण आलं. मला त्याचा केवढा आनंद झाला होता, आणि घरात तो कुणालाही सांगता येत नव्हता.

मशीन तापायचं फार. झाकण काढून ठेवलं तरी तापायचं आणि पिठाच्या गिरणीसारखा आवाज करायचं. बायको म्हणाली, "अहो, ह्याला आमच्या उशाशी कशाला ठेवलंय?" मी तिला ठणकावून सांगितलं की हे माझं औत आहे, त्याला बोलायचं नाही. तिने ऐकून घेतलं आणि गादी उचलून दुसऱ्या खोलीत नेली.

तोड आबांनी काढली. "गोठ्यात ठेव की. पंखा हाय, ब्याटरी हाय. त्याचीच जागा हाय ती."

असा आमचा सर्व्हर बैलाच्या जागेवर उभा राहिला. खाली रबराची चटई, अंगावर पंखा, खिडकीला जाळी. आबा आत जाताना चपला बाहेर काढायला लागले. संध्याकाळी डास येऊ नयेत म्हणून कडुनिंबाचा धूर करायचे, तो मी हातापाया पडून बंद करवला. घरातल्या टीव्हीवर व्हिडिओ आता गोठ्यातून यायचा. त्यातल्या फोटोंच्या प्रोग्रामला चेहरे ओळखण्याची सोय होती. त्याने आमचे सगळे फोटो चाळून घरातली माणसं वेगळी काढली, त्यात बैल होता. मला मात्र त्याने दाढीचा एक आणि बिनदाढीचा एक अशी दोन परकी माणसं धरलं. बैलाच्या तोंडाभोवती चौकट करून प्रोग्राम विचारत होता, ही व्यक्ती कोण. आबांनी मोठ्या प्रेमाने नाव सांगितलं.

काम जास्त पडलं की मशीनचा आतला पंखा घुरघुरायचा. आबा बाहेरूनच ओळखायचे. "धापा टाकतंय, जरा थांबू दे," म्हणायचे आणि टीव्ही बंद करायला लावायचे. कुणी नवीन माणूस गोठा मोकळा बघून "बैल कुटंय, आबा?" विचारायचं, तर आबा मशीनकडे बोट करून "ह्यात हाय" म्हणायचे. माणूस मान हलवून चहा न घेता जायचा.

मग त्यांनी तिकडचा व्हिडिओ पुसायला सांगितला. मी म्हणालो, आबा, जपायची वस्तू दोन-तीन ठिकाणी ठेवायची असते, तशी रीतच आहे. त्यांना ते पटेना.

"एक बैल दोन दावणीला बांदतंय व्हय कुनी?"

ते खुर्ची घेऊन शेजारी बसले आणि मी कंपनीकडचा व्हिडिओ पुसला. कचऱ्याच्या पेटीत गेला आहे म्हटल्यावर ती पेटीही रिकामी करून घेतली. गावात ज्यांना ज्यांना मी तो पाठवला होता त्यांनी 'शुभ सकाळ'ची चित्रं साठवायला जागा हवी म्हणून तो केव्हाच उडवला होता. भाऊंनी फोन बदलला होता. मी आपला शहाणपणा म्हणून एक छोटी डिस्क मशीनच्या मागे लावून ठेवली आणि तिच्यात दुसरी प्रत घेतली. आता बैल फक्त आमच्या गोठ्यात होता. आबा त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं धुतात. कोयते, खुरपी, विळे, पहार, फवारणीचा पंप, जे जे वर्षभर राबतं ते अंगणात आणून घासूनपुसून स्वच्छ करतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात आणि त्या दिवशी त्यांना विश्रांती देतात. हॉटेलांना सणात सुट्टी नसते, म्हणून मी सकाळीच खंडाळ्याला गेलो होतो. दुपारी परत आलो तर अंगणात सगळी हत्यारं ओळीने मांडलेली. कोयत्यांच्या आणि पंपाच्या मधोमध, पाटावर, माळ घालून, माझं मशीन. त्याच्या पोटातून पाणी ठिबकत होतं.

आबा कौतुकाने म्हणाले, "बघ, कसं लख्ख झालं. आत किती घान व्हती."

बैलाच्या खराऱ्याने घासलं होतं. कोमट पाणी घेतलं होतं, साबण चांगला घेतला होता. मागची छोटी डिस्कही काढून त्याच बादलीत बुडवून धुतली होती, म्हणजे माझ्या दोन्ही प्रती स्वच्छ झाल्या. मी ओरडलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

आबांना माझ्या रागाचा अर्थ लागेना. "लाईट काढून घेतली व्हती की मी. येडा हाय का मी शॉक लावून घ्यायला? आन तूच म्हनला व्हतास, हे माजं औत हाय."

"आबा, त्यात बैल होता."

"मग? म्हनून तर सगळ्यात आदी त्येच धुतलं."

"गेला तो आता. पाण्यानं गेला."

त्यांनी खराऱ्यातलं पाणी झटकलं. "बैल काय पान्यात इरघळतोय व्हय?"

बायको तोंडाला पदर लावून आत गेली. मीही हसलो असतो, पण तोवर आबांना समजलं होतं. त्यांनी हातातला खरारा खाली ठेवला. मशीन उचलून उन्हात नेलं आणि त्याच्याशेजारी उकिडवे बसले. थोड्या थोड्या वेळाने ते त्याची बाजू बदलायचे. उन्हं उतरली तसं मशीन फिरवत फिरवत अंगणाच्या टोकापर्यंत गेले. मला त्यांच्यावर ओरडल्याची लाज वाटली आणि राग तरी जाईना, असं दोन्ही होत होतं.

दसऱ्यानंतर मी दोन्ही डिस्का, मशीनच्या पोटातली मोठी आणि मागची छोटी, ओल जावी म्हणून ठेवलेल्या तांदळाच्या डब्यातून काढून लोणावळ्यात एका दुरुस्तीवाल्याकडे दिल्या. त्याने नाकाला लावून वास घेतला आणि विचारलं, "चंदनाचा साबण?" होईल तेवढं बघतो म्हणाला.

घरात संध्याकाळ कशी काढायची हे कुणालाच कळेना. भाऊ सवयीने यायचे. टीव्हीसमोर दोघं बसायचे. भाऊ एकदा म्हणाले, "झेंडा उशिराच पडला व्हता." आबा नुसतं "आसंल" म्हणाले. भाऊंचा चेहरा पडला. एवढ्या दिवसांचं भांडण ते जिंकले होते आणि त्यांना ते मुळीच आवडलं नाही. चहा अर्धा टाकून ते गेले.

दुसऱ्या दिवशी ते वासरू घेऊनच आले. त्यांच्या गाईचा खोंड, कान मोठे, पाय काठ्यांसारखे. "दावन मोकळी ठिऊ ने," ते आबांना म्हणाले. "तुमचं मशीन येईस्तवर ऱ्हाऊ द्या हितं." आबा नको नको म्हणत होते. मला वाटलं, आता भाऊंनाही चार शब्द ऐकावे लागणार. पण वासराने आबांच्या धोतराचा सोगा तोंडात धरला होता, आणि आबा तो सोडवून घेत नव्हते. नको म्हणता म्हणताच त्यांनी माझ्या बायकोला माळ्यावरचं दावं काढायला सांगितलं.

लोणावळ्याहून निरोप आला की छोटी डिस्क गेली, मोठीतलं निम्मं निघालं. माझ्या लग्नाचे फोटो गेले. मुलाच्या बारशाचे गेले. बैल वाचला. मी हॉटेलातून भंगारातला दुसरा कॉम्प्युटर मागून आणला, त्यात सगळं भरलं आणि मोठ्या तोऱ्यात गोठ्यात घेऊन गेलो, तर तिथे जागा नव्हती. चटईवर वासरू पाय पसरून बसलेलं, पंखा त्याच्यावर, आणि आबा त्याच्या कानामागे खाजवत होते.

"बैल आणलाय," मी म्हणालो.

"तितं गवताशी ठेव," आबा म्हणाले. "ह्याला वारं लागू दे." मग जरा विचार करून म्हणाले, "आन ह्याला दाव की."

"कुणाला?"

"ह्याला. पळत्यात कसं, ते कळाया नको?"

मी शिकलेला माणूस आहे. मी मशीन गवताशी ठेवून चालू केलं, गुडघे टेकून वासरासमोर फोन धरला आणि त्याला बारी दाखवली. त्याने पहिल्यांदा काच चाटली. दुसऱ्यांदा लावल्यावर मात्र, घाटातला आरडाओरडा ऐकून, कान उभे करून बघत राहिलं. भाऊ दारातून म्हणाले, "ह्यो बघा झेंडा. उशिरा पडला का न्हाई?" आबा म्हणाले, "तुमच्या डोळ्यात पडलाय." दोघांचे चेहरे एकदम खुलले आणि भाऊ चहा सांगायला घरात गेले.

ते गेल्यावर आबा हळू आवाजात म्हणाले, "एक काम कर. एक तिकडं बी ठेव."

"तिकडं कुठं?"

"त्या कंपनीत. पयला व्हता तितं."

मला हसूही आलं आणि संतापही आला. मी म्हणालो, "आबा, एक बैल दोन दावणीला बांधतं व्हय कुणी?"

"मी हाय तवर हितं बरा हाय," आबा म्हणाले. "मी गेल्यावर तू हे मशीन बंद करशील. मग त्यानं कुटं जायाचं?"

"असं कसं बंद करीन," मी म्हणालो. पण म्हणताना त्यांच्याकडे बघवलं नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि मला फार वाईट वाटलं.

मी तिथेच चटईच्या कडेला बसून व्हिडिओ चढवायला घेतला. 'मान्य आहे' वर बोट दाबलं. धरणाच्या बाजूला नेट मंद असतं, पट्टी इंच इंच सरकत होती. टेम्पोतून बैल घाटाला पाठवला की आबा फोन करकरून विचारायचे, तसे आता शेजारी उभे राहून विचारत होते.

"पोचला का?"

"निघालाय," मी म्हणालो.

त्यांनी वासराच्या पाठीवर हात ठेवला आणि तो पोचेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.